गंजदुरुस्ती, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या पोलादी पत्र्यावरील गंज काढून किंवा गंजलेला भाग बदलून सांगाडा पूर्ववत करण्याचे काम. लोखंडाचा पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन गंज चढतो (पहा : गंजणे), किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तो झपाट्याने पसरतो. दाराची खालची कड आणि मडगार्डाची आतली बाजू येथे चिखल साचून तो बहुधा आतून सुरू होतो. वर रंगाला फुगा येईतो पत्रा पोखरलेला असतो. वरवरचा गंज पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासतात. आरपार भोक असल्यास तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवतात (पहा : वितळजोडकाम). त्यावर प्रायमर, लांबी (पुट्टी) व रंग चढतो. भोकावर नुसती लांबी भरल्यास ती ओलावा धरते व गंज पुन्हा उमटतो. १९८० च्या दशकापासून जस्तलेपित पत्र्याचा वापर वाढल्याने (पहा : जस्तलेपन) अशी दुरुस्ती मुख्यतः जुन्या गाड्यांना लागते.