काठावरचा शिक्का

कापड कसे असावे हे सरकारने ठरवावे, ही कल्पना ब्रुसेल्समध्ये जन्मली अशी आपली आज समजूत होऊ शकते. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनरचनेचा कायदा अमलात आला. वस्तू टिकाऊ असावी, दुरुस्त करता यावी, तिचे आयुष्य संपल्यावर तिच्यातून पुन्हा कच्चा माल मिळावा आणि ही सारी माहिती देणारे डिजिटल पारपत्र तिच्यासोबत असावे, असे तो म्हणतो. युरोपात बनलेल्या वस्तूला आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूला नियम एकच. म्हणजे उद्या हा प्रश्न सोलापूरच्या मागावरही येऊन ठेपणार. मात्र सोलापूरला या जातीचा प्रश्न नवा नाही.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडने १९४२ मध्ये शिवणकामावरच निर्बंध घातले. कोटाला खिसे किती, बटणे किती, विजारीच्या पायाला दुमड असावी की नसावी, हे सारे आदेशाने ठरू लागले. हिंदुस्थानात १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. देशभरच्या गिरण्यांप्रमाणे सोलापूरच्या गिरण्यांनाही मालावर किमतीचा शिक्का मारणे भाग पडले. त्याच सुमारास गरिबांसाठी जाडेभरडे, स्वस्त आणि टिकाऊ 'स्टँडर्ड' कापड काढण्याची योजनाही आली. टिकाऊपणा हा सरकारी आदेशाचा विषय होऊ शकतो, हे आपल्याकडे तेव्हाच दिसून गेले होते.

स्वातंत्र्यानंतर ही वृत्ती ओसरली नाही. १९४९ मध्ये सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. हा वाद राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षात सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि घटनेचे विद्यार्थी 'शोलापूर' हे नाव आजही त्या खटल्यामुळे ओळखतात. चादरीआधी सोलापूरची कीर्ती अशी न्यायालयातून पसरली! त्या अध्यादेशामागची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे: कापड ही जीवनावश्यक वस्तू, तेव्हा ते विणणारी गिरणी हा निव्वळ मालकाचा खासगी मामला नव्हे.

१९६४ पासून 'नियंत्रित कापडा'ची सक्ती आली. धोतर, साडी, लाँगक्लॉथ अशा ठराविक जातींचे कापड बांधलेल्या दराने काढलेच पाहिजे, असा तो नियम होता. कापूस महागला तरी दर त्या वेगाने वाढत नव्हते. परिणामी गिरण्यांनी त्या कापडाकडे गळ्यात पडलेले काम म्हणूनच पाहिले. वस्तूचे रूप कायद्याने बांधायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा हे मोघम ठेवायचे, या पद्धतीचा हा पहिला मोठा धडा होता. माझ्या मते तो अजून कोणीच नीट गिरवलेला नाही.

पुढे गिरण्यांची सद्दी संपत गेली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पूर्व भागातले माग शहराची ओळख झाले. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. साडी, लुंगी, टॉवेल यांची नावे त्या यादीत होती आणि यंत्रमागाने काय विणू नये हे व्याख्यांनी ठरत होते. यंत्रमागधारक न्यायालयात गेले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सुरुवातीला बावीस असलेले वाण पुढे अकरावर आले. हा नियम विणकराच्या पोटासाठी होता. कापडाच्या आयुष्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

मग रंगांचे प्रकरण आले. काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक अमाइन द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदीचा निर्णय घेतला. भारतानेही १९९७ मध्ये सत्तर रंगांना मनाई केली. २००२ चा युरोपीय निर्देश तर टॉवेलचे नाव घेऊनच बोलतो: अशा अमाइनचे प्रमाण किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हा नियम न्याय्य होता आणि आपल्याच रंगणीतल्या कामगाराचे हात त्यामुळे काही अंशी वाचले, हे मान्य करावे लागेल. परक्याचा प्रत्येक नियम म्हणजे व्यापारातला अडसर, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. तिला इथे आधार सापडत नाही.

यानंतर सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नक्कल करणाऱ्यांवर त्याने वचक बसावा ही अपेक्षा होती. पण मानांकन मुख्यतः गावाचे नाव राखते. चादर किती वर्षे टिकेल आणि फाटल्यावर तिचे काय होईल, याची चौकशी ते करत नाही.

ती चौकशी घरोघरी होत होती. जेकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी अंथरता येणारी जाड सुती चादर विरली की गोधडीच्या पोटात जाई; गोधडी फाटली की चिंध्यांचे पोतेरे होई. निव्वळ सुती असल्यामुळे ती मातीतही मिसळे. सुतात पॉलिस्टर मिसळले की ही साखळी तुटते, कारण दोन्ही धागे पुन्हा वेगळे करणे फार अवघड असते. तेव्हा नव्या कायद्याला जे हवे आहे त्यातले बरेचसे जुन्या चादरीत होते, कोणी सांगितले नव्हते तरीही. अर्थात यावरून सोलापूरला निर्दोष ठरवता येत नाही. रंगणीचे सांडपाणी त्या चादरीच्या हिशेबात कधीच धरले गेले नव्हते.

खरी अडचण पारपत्रात आहे. चार-आठ मागांचा धनी सूत व्यापाऱ्याकडून घेतो, रंगवायला दुसऱ्याकडे देतो. कापूस कोणत्या शेतातला, रंग कोणत्या कारखान्यातला, हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्यालाही कधी विचारावेसे वाटले नाही. मोठा कारखाना हिशेबनीस नेमून ही माहिती जमवील. छोट्याची चादर गुणाने कायद्यात बसेल आणि कागदाने बाहेर पडेल. १९४३ चा शिक्का मारायला शाई पुरत असे. या नव्या शिक्क्याला कापसाच्या बोंडापासूनची साखळी लागते. ती उभारण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या देशाने उचलावा, सरकारने की मागवाल्याने, हे ठरलेले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पहिली कार्ययोजना प्रसिद्ध केली. तीत कापडाचे नाव आहे, पण भर अंगावरच्या कपड्यांवर असून त्यांच्या नियमांसाठी २०२७ हे साल धरले आहे. चादरी आणि टॉवेल पहिल्या रांगेत नाहीत. सोलापूरला मिळालेली सवड एवढीच.