आयकॉनवरील हक्क : आयफोनच्या होम स्क्रीनवरील संकेतस्थळांच्या चिन्हांचा इतिहास (२००७ ते २०२०)

बीजसंज्ञा : आयफोन, वेब क्लिप, जेलब्रेक, आयकॉन, वापरकर्त्याचा हक्क

प्रस्तावना :
विकत घेतलेल्या घराच्या दारावर कोणती पाटी लावावी, हे घरमालक ठरवितो. विकत घेतलेल्या स्मार्टफोनच्या पडद्यावर कोणते चित्र दिसावे, हे कोणी ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. आयफोनच्या होम स्क्रीनवर ठेवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांच्या आयकॉनचा इतिहास पाहिल्यास या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा आढावा घेण्यात आला आहे.

१. संकेतस्थळास होम स्क्रीनवर स्थान :
ॲपल कंपनीचा पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. त्यावर बाहेरील विकसकांची ॲप्स बसविण्याची अधिकृत सोय नव्हती. विकसकांनी सफारी ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप्स तयार करावीत, अशी भूमिका स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच महिन्यातील विकसक परिषदेत मांडली होती. परंतु अशा संकेतस्थळांना होम स्क्रीनवर जागा नव्हती. ती जानेवारी २००८ मधील १.१.३ या आवृत्तीने ‘वेब क्लिप’ या सोयीद्वारे मिळाली.

आयकॉनचे स्वरूप मात्र संकेतस्थळाच्या चालकाच्या हाती राहिले. त्याने ठरावीक नावाने ५७ × ५७ पिक्सेलचे चित्र सर्व्हरवर ठेवले असल्यास फोन ते घेई, त्याचे कोपरे गोल करी व त्यावर काचेसारखी चकाकी चढवी. चित्र नसल्यास त्या पानाचीच लहान प्रतिमा आयकॉन म्हणून येई. तिच्यातील अक्षरे वाचता येत नसत आणि अशा प्रतिमा शेजारी आल्या की त्या ओळखणे कठीण जाई. वापरकर्त्यास वेब क्लिप ठेवताना तिचे नाव बदलता येई. चित्र बदलता येत नसे.

२. जेलब्रेक आणि चित्रबदल :
कंपनीने घातलेली बंधने मोडून फोनच्या फाइलव्यवस्थेत प्रवेश मिळविणे, यास जेलब्रेक म्हणतात. ही खटपट २००७ मध्येच सुरू झाली होती. २००८ साली जे फ्रीमन यांनी अशा फोनसाठी ‘सिडिया’ उपलब्ध करून दिले. त्यांच्याच ‘विंटरबोर्ड’मुळे फोनची संपूर्ण सजावट पालटता येऊ लागली.

वेब क्लिपची रचना साधी होती. ‘वेबक्लिप्स’ या फोल्डरमध्ये प्रत्येक क्लिपचा स्वतंत्र उपफोल्डर असे. त्यातील एका फाइलमध्ये नाव व पत्ता नोंदविलेला असे, तर ‘आयकॉन.पीएनजी’ या फाइलमध्ये चित्र असे. ही दुसरी फाइल बदलून होम स्क्रीन नव्याने सुरू केली की वापरकर्त्याने निवडलेले चित्र दिसे. फाइल संगणकावरून फोनवर पाठविण्यासाठी अनेक जण ‘एसएसएच’ ही दूरप्रवेशाची सोय बसवीत.

या स्वातंत्र्यास किंमतही होती. अनेकांनी एसएसएचचा मूळ, सर्वज्ञात पासवर्ड बदललाच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात पसरलेला ‘इकी’ हा वर्म याच वाटेने फोनमध्ये शिरला आणि त्याने पडद्यावरील पार्श्वचित्र बदलून टाकले. मालकाने स्वतःच्या आवडीचे चित्र लावण्यासाठी उघडलेल्या दारातून परक्याने आपले चित्र लावले.

३. कायद्याची भूमिका :
जेलब्रेक हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन आहे, असे ॲपलचे म्हणणे होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने याविरुद्ध अमेरिकेत मागणी केली. जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनी, कायदेशीररीत्या मिळविलेली ॲप्स फोनवर चालविण्यासाठी केलेल्या जेलब्रेकला सूट दिली. हा निर्णय आयकॉनसंबंधी नव्हता. तथापि खरेदीनंतरही उपकरणावर उत्पादकाचे नियंत्रण किती चालावे, हा मूळ प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला.

४. अधिकृत मार्ग :
२०१३ साली आयओएस ७ मध्ये आयकॉनवरील चकाकी गेली. २०१८ साली आयओएस १२ सोबत आलेल्या ‘शॉर्टकट्स’ या ॲपमधून संकेतस्थळ उघडणारा शॉर्टकट तयार करून त्यास स्वतःचे छायाचित्र देणे शक्य झाले. सप्टेंबर २०२० मधील आयओएस १४ नंतर अशा सजावटीचा मोठा प्रसार झाला. एकेकाळी ज्यासाठी बंधने मोडावी लागत, ते आता काही स्पर्शांत साधू लागले.

निष्कर्ष :
या आयकॉनवर प्रारंभी दोनच पक्षांचा अधिकार होता : चित्र देणारा संकेतस्थळचालक आणि त्यावर चकाकी चढविणारी कंपनी. जेलब्रेकने त्यात तिसरा पक्ष, म्हणजे फोनचा मालक, आणला. पुढे अधिकृत मार्गाने जी मोकळीक मिळाली, ती मालकाचा हक्क म्हणून नव्हे, तर कंपनीने दिलेली सोय म्हणून मिळाली. दिलेली सोय काढूनही घेता येते. म्हणून चित्र बदलता येऊ लागले तरी मालकीचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही.