कप्पेबंद विभागांकडून एकत्रित कामाकडे

मोठ्या कंपनीतील गंभीर चूक सहसा एकाच माणसाच्या हातून घडत नाही. तिचा एक तुकडा अभियांत्रिकी विभागाला ठाऊक असतो, दुसरा ग्राहकसेवेला, तिसरा कायदेविषयक विभागाला. आणि हे तुकडे एका टेबलावर वेळेत येत नाहीत. व्यवस्थापनाच्या परिभाषेत अशा रचनेला ‘सायलो’ म्हणतात. सायलो म्हणजे धान्य साठवण्याचे उंच, बंद कोठार. मराठीत तिला कप्पेबंद रचना म्हणता येईल. हे कप्पे उघडायचे कसे, हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक बहुराष्ट्रीय कंपनीपुढे आहे.

कप्पे का तयार होतात?

विभाग मुळात उपयोगी असतात. लेखापाल लेखापालांमध्ये राहून शिकतो, अभियंता अभियंत्यांमध्ये. अडचण सुरू होते ती अंदाजपत्रक, बढती आणि यशाचे मोजमाप हे सारे विभागापुरतेच ठरू लागले की. खरेदी विभागाने स्वस्त सुटा भाग आणला तर त्याची वाहवा होते. तो भाग बिघडल्यावर येणारा दुरुस्तीचा खर्च मात्र सेवा विभागाच्या खात्यावर पडतो. प्रत्येक विभागाचे आकडे चांगले आणि कंपनीचे वाईट, असे चित्र त्यातून उभे राहते.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये यातलेच एक सूत्र मांडले. संस्था जी प्रणाली रचते, तिच्यावर त्या संस्थेतील अंतर्गत संवादाच्या रचनेचा ठसा उमटतो. ज्या दोन विभागांत संवाद नाही, त्यांनी तयार केलेल्या भागांचा सांधाही कच्चा राहतो.

भिंतीची किंमत

या कच्च्या सांध्याची किंमत किती असू शकते, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विच प्रकरणाने दाखवले. शेव्हरोले कोबाल्टसारख्या छोट्या गाड्यांतील हा स्विच सैल होता. किल्ली धावत्या गाडीत आपोआप फिरून इंजिन बंद पडे. अभियंत्यांनी या दोषाची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ अशी केली. सुरक्षेचा प्रश्न म्हणून त्याकडे पाहिले गेले नाही. किल्ली त्या स्थितीत गेली की एअरबॅगही उघडत नाही, हा दुवा त्यांनी जोडला नाही. ती माहिती कंपनीतच होती, पण दुसऱ्या कप्प्यात. पुढे स्विचमध्ये बदल झाला, परंतु त्याचा भाग क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे नंतर शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली.

अखेर २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. वकील अँटन व्हॅलुकस यांच्या चौकशी अहवालात ‘जीएम नॉड’ असा शब्दप्रयोग नोंदला आहे. बैठकीत सर्वांनी मान डोलवायची, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, असा त्याचा अर्थ. बैठका होत होत्या. जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

फोर्डमधील गुरुवार

उलट उदाहरण फोर्डचे. ॲलन मुलाली सप्टेंबर २००६ मध्ये बोइंगमधून फोर्डचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. बोइंग ७७७ च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या प्रकल्पात आरेखन करणारे आणि उत्पादन करणारे एकाच गटात बसत, आणि विमान कंपन्यांचे प्रतिनिधीही सुरुवातीपासून चर्चेत असत. फोर्डला २००६ या एका वर्षात १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता.

मुलाली यांनी दर गुरुवारी सर्व विभागप्रमुखांची एकच आढावा बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवायची होती. पहिल्या आठवड्यांत जवळपास सगळे तक्ते हिरवे येत. कंपनी अब्जावधी गमावत असताना सारे काही ठीक कसे, असा प्रश्न त्यांनी विचारला. पुढे मार्क फील्ड्स यांनी ‘एज’ या गाडीच्या उत्पादनातील अडचण लाल रंगात दाखवली. खोलीत शांतता पसरली. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि यात कोण मदत करू शकेल, असे विचारले. इतर विभागांतून लगेच सूचना आल्या. त्यानंतरच्या बैठकांत तक्त्यांवर खरे रंग दिसू लागले.

याच काळात फोर्डने आपल्या नाममुद्रांचा पसारा कमी केला. जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे आले. अमेरिकेतील इतर दोन मोठ्या वाहन कंपन्यांनी २००९ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरला, तेव्हा फोर्ड त्यापासून दूर राहिली. यामागे २००६ अखेर मालमत्ता तारण ठेवून उभारलेल्या मोठ्या कर्जाचा वाटा होताच. केवळ बैठकांनी कंपनी तरली असे म्हणता येणार नाही.

बदल कसा घडवावा?

*एकच प्रवाह निवडणे.* संपूर्ण कंपनी एकदम बदलत नाही. ग्राहकाच्या मागणीपासून वितरणापर्यंतचा एखादा प्रवाह घ्यावा आणि काम कोणत्या दोन विभागांच्या मध्ये अडून राहते, ते पाहावे.

*धनी ठरवणे.* त्या प्रवाहाची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी, आणि तिच्या गटाला निर्णयाचा अधिकारही असावा. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे केवळ निरोप्याचे काम.

*मोजमाप बदलणे.* सहकाऱ्यांशी तुलना करून क्रमवारी लावली जात असेल, तर मदत करणाऱ्याचेच नुकसान होते. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. मूल्यमापनाचा काही भाग सामायिक फलिताशी जोडावा.

*भाषा एक करणे.* नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये नष्ट झाले, कारण एका गटाची आकडेवारी ब्रिटिश एककांत होती आणि दुसरा गट ती मेट्रिक समजत होता. ‘पूर्ण झाले’ या शब्दाचा अर्थसुद्धा विभागागणिक वेगळा असतो. तो लिहून ठेवावा.

*वाईट बातमीला जागा देणे.* अडचण सांगणाऱ्याला पहिल्यांदा काय उत्तर मिळते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

अंतर आणि अदब

परदेशातील अनेक मराठी व्यावसायिकांचे अर्धे सहकारी पुण्यात किंवा बंगळुरूत असतात. तेथे विभागांच्या भिंतीला घड्याळातील अंतराचीही भर पडते. निर्णय मुख्यालयाच्या सोयीच्या वेळी होतात आणि कारणे मात्र दुसरीकडे पोहोचत नाहीत. निर्णयाबरोबर त्याचे कारणही लिहिणे आणि गैरसोयीची वेळ आळीपाळीने वाटून घेणे, एवढ्यानेही फरक पडतो. वरिष्ठांपुढे ‘नाही’ म्हणायला संकोचणारा सहकारी मान डोलवतो, तेव्हा तो होकार समजू नये. काय अडेल, असे त्याला नेमके विचारावे.

मर्यादा

विभाग मोडून टाकणे हा यावरचा उपाय नाही. तज्ज्ञतेला घर लागते, आणि दोन वरिष्ठांना उत्तरदायी असलेला कर्मचारी दोन्हीकडून ओढला जातो. बैठका वाढल्या म्हणजे सहकार्य वाढले, असेही नाही. बदल झाला की नाही, हे ओळखायला साधी कसोटी पुरते : दुसऱ्या विभागाची अडचण पहिल्या विभागाला किती दिवसांनी कळते? पूर्वी महिना लागत असेल आणि आता आठवडा, तर भिंतीला दार पडले आहे.