वाइल्ड कॅट ऑफ बॉम्बे
वाइल्ड कॅट ऑफ बॉम्बे : मुंबईत निर्माण झालेला एक लोकप्रिय मूकपट (१९२७). दिग्दर्शक मोहन भवनानी. नायिका सुलोचना (१९०७–८३). तिने यात बहुरूप्याप्रमाणे आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस, रस्त्यावरील पोर, केळी विकणारी म्हातारी, खिसेकापू यांच्याबरोबरच त्यांत हैदराबादी गृहस्थ व सोनेरी केसांची यूरोपीय स्त्रीही होती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने औरंगाबादचा (छत्रपती संभाजीनगर) मराठीभाषक रहिवासीही खरे पाहता ‘हैदराबादी’च; परंतु ठराविक साच्यातील पात्रांत असा भेद उरत नाही.

अमेरिकेत ग्रिफिथ याच्या द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५) या मूकपटात कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका श्वेत नटांनी तोंडे काळी करून केल्या आणि त्यांना हिंस्र व स्त्रीलंपट दाखविले. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही संघटना पुन्हा उभी राहिली. मुंबईतील प्रकार याहून निराळा होता. येथे सोंगे घेणारी स्त्रीच अल्पसंख्य समाजातील होती. सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेली ज्यू वंशाची रूबी मायर्स. चित्रपटांत येण्यापूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर होती. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना अभिनय निषिद्ध असल्याने ज्यू व अँग्लो-इंडियन तरुणींना पडद्यावर वाव मिळाला, मात्र हिंदू नावे घेऊनच. रेने स्मिथ हिची सीतादेवी झाली, ती याच रीतीने. प्रेक्षकांनी त्यांचे चेहरे आपलेसे केले. त्यांच्या समाजाला पडद्यावर स्वतःच्या नावाने क्वचितच स्थान मिळाले.

अमेरिकन चित्रपटांतील श्वेत स्त्रियांच्या वर्तनामुळे गोऱ्यांची प्रतिष्ठा कमी होते, अशी तक्रार ब्रिटिश गोटांत होती. १९२७ मध्येच सरकारने टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली, तिच्यामागे ही चिंताही होती. नेमक्या त्याच वर्षी मुंबईची एक नटी गोरी मडम बनून पडद्यावर वावरत होती, हा योगायोग मौजेचा खरा.

ही मुभा मूकतेने दिलेली होती. आलम आरा (१९३१) या चित्रपटाने बोलपटांचे युग सुरू होताच वेषाने झाकलेले उच्चाराने उघडे पडू लागले. सुलोचनेला हिंदुस्थानी शिकण्यासाठी थांबावे लागले. माधुरी (१९३२) या बोलपटाद्वारे ती परतली. प्रस्तुत मूकपटाची बंबई की बिल्ली (१९३६) ही बोलकी आवृत्तीही निघाली व तीतही तीच नायिका होती. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.