गल्ल्यांना नंबर असलेलं गाव: जयसिंगपूर कसं वसलं?

कोल्हापूर जिल्ह्यातली बहुतेक गावं हळूहळू वाढत गेली. आजऱ्याचंच बघा. हिरण्यकेशीचा काठ, आंबोली घाटाकडे जाणारी वाट, इचलकरंजीच्या घोरपड्यांची जहागीर आणि आता तालुक्याचं ठिकाण. हे गाव कुणी ठरवून, एका दिवशी वसवलेलं नाही. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यातल्या जयसिंगपूरची गोष्ट मात्र उलटी आहे. ते गाव आधी आखलं गेलं आणि माणसं नंतर राहायला आली.

ही आखणी आजही दिसते. इथे पत्ता सांगताना लोक 'सातवी गल्ली', 'आठवी गल्ली' असं सांगतात. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. जुन्या गावात असतात तसे वाडे, बोळ आणि वेशी इथे सापडत नाहीत. कोल्हापूर शहरातली राजारामपुरी पाहिलेल्यांना ही नंबरांची पद्धत ओळखीची वाटेल.

गावाआधी इथे रेल्वे आली. कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. ३ मे १८८८ रोजी कामाची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली. तेव्हा ते चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्यकारभार त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मिरजेहून निघालेली गाडी कृष्णा ओलांडून कोल्हापूरकडे आली की एक स्टेशन लागायचं. त्याचं नाव शिरोळ रोड.

स्टेशनच्या नावात 'रोड' कशाला? स्टेशन गावात नसून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एवढं सांगायला रेल्वे हा शब्द जोडत असे. शिरोळला जायचं असेल तर इथे उतरायचं आणि पुढचे काही किलोमीटर बैलगाडीने किंवा पायी जायचं. म्हणजे स्टेशन होतं, पण त्याला स्वतःचं असं गाव नव्हतं.

ही जागा मोक्याची होती. कृष्णेपलीकडे सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. सांगलीची बाजारपेठ मोठी, तिथल्या हळदीचं नाव तर दूरवर गेलेलं. अलीकडचा शिरोळ भाग कोल्हापूर संस्थानाचा. कृष्णा आणि पंचगंगेमधली ही जमीन सुपीक, त्यामुळे विकायला माल भरपूर. आता हा माल नदी ओलांडून दुसऱ्याच्या पेठेत गेला, तर व्यापार तिकडचा आणि त्यावरचं उत्पन्नही तिकडचंच. संस्थानी काळात बाजारपेठ ही राज्याच्या तिजोरीची बाब होती, हे आज सहज विसरलं जातं.

शाहू महाराजांनी हा प्रयोग आधी राजधानीत करून पाहिला होता. १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही पेठ वसवली गेली आणि ती गुळाच्या व्यापारासाठी नावाजली. पुढे १९१६-१७ च्या सुमारास, पहिलं महायुद्ध चालू असताना, शिरोळ रोड स्टेशनजवळ नवी पेठ आखली गेली. शाहूपुरी राजधानीला लागून होती, तर ही पेठ थेट संस्थानाच्या हद्दीवर.

नाव दिलं वडिलांचं. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांचे जन्मदाते वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे कोल्हापूरचे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारे होते. १८८६ मध्ये ते वारले, तेव्हा शाहू अकरा वर्षांचे होते. दत्तक गेलेल्या मुलाचं कागदोपत्री घराणं बदलतं. इथे मात्र जन्मदात्याचं नाव एका अख्ख्या गावाला मिळालं. (मुलीच्या नावाचं गावही आहे: राधानगरी.) पुढे स्टेशनही शिरोळ रोडचं जयसिंगपूर झालं.

पेठ चालली. तंबाखू आणि शेंगेच्या व्यापाराने जयसिंगपूरचं नाव झालं. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, जैन, लिंगायत, गुजराती, मारवाडी व्यापारी अशी मिश्र वस्ती इथे जमली. कुणाचंच गाव पिढ्यान्‌पिढ्यांचं नसल्याने 'मूळचे' आणि 'बाहेरचे' हा भेद इथे फारसा चालण्यासारखा नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ज्या हद्दीसाठी ही पेठ उभी राहिली, ती हद्दच पुसली गेली, पण पेठ टिकली.

सांगलीला शह म्हणून वसलेलं हे गाव आज सांगलीच्या उपनगरासारखं जगतं, ही यातली गंमत. सांगली अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर आहे, तर जिल्ह्याचं ठिकाण असलेलं कोल्हापूर जवळपास चाळीस. शेतकऱ्यांची ऊस परिषद इथे भरते, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतून माणसं येतात. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा बाहेर काढलेल्या अनेक कुटुंबांना जयसिंगपुरात आसरा मिळाला. ही वस्ती नदीकाठ धरून नाही, तर रेल्वे धरून वाढली होती.

तालुक्याचं ठिकाण मात्र अजून शिरोळच आहे. तहसीलचं काम असलं की जयसिंगपूरकरांना त्याच जुन्या 'शिरोळ रोड'ने तिकडे जावं लागतं.