शिक्षेला सैनिक, हक्काला नोकर

1 जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे मानवंदना देतो. 1892 नंतर महारांची सैन्यभरती बंद झाली, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली, हा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. इकडे आमच्या गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1962 आणि 1965 च्या युद्धात जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले, हे अभिमानाने सांगितलं जातं. दोन्ही आठवणींच्या मध्यभागी बंदूकधारी जवान आहे. पण त्याच्यासाठी पाणी वाहणारा, भाकरी थापणारा, जखमीची डोली उचलणारा, संडास साफ करणारा माणूस कुठे आहे?

इंग्रजांच्या लष्करी कागदांत त्याला 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून चालणारा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्यांमध्ये साडेपाच लाखांवर माणसं अशी बिनलढाऊ होती. एप्रिल 1916 मध्ये इराकातल्या कुत इथे वेढ्यात अडकलेल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. कैद झालेल्यांत तीन हजारांवर फॉलोअर होते. उपासमार, रोगराई, कैद त्यांनीही भोगली. हातात बंदूक नव्हती, एवढाच फरक.

या फॉलोअरांमध्येही उतरंड होती. खेचरं हाकणारे आणि डोलीवाले वरचे. स्वयंपाकी, भिस्ती, सफाईवाले खालचे. युद्ध लांबलं, माणसं मिळेनात, तेव्हा वरच्यांना सैनिकांच्या जवळ जाणाऱ्या सवलती मिळाल्या. सफाईवाला तळालाच राहिला. म्हणजे गावगाड्याची रचना छावणीतही तंबू ठोकून बसली होती.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. युद्धभूमीवर फॉलोअरला लष्करी कायदा लागू होता आणि त्याला वेताचे फटके देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला होता. पगार आणि मान द्यायची वेळ आली की मात्र तो 'नोकर' ठरे. शिक्षेला सैनिक, हक्काला नोकर!

कुणी म्हणेल, यात आपले किती होते? भिस्ती बहुधा मुसलमान, सफाईवाले मेहतर-वाल्मीकी. अरे, पण जातीच्या आधारे कामाची किंमत ठरवणं, याच गोष्टीशी तर आपलं भांडण आहे ना?

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कसं पाहिलं? जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 1943 मध्ये त्यांनी युद्धजन्य इजांच्या नुकसानभरपाई विम्याचं विधेयक मांडलं आणि त्याचा कायदा झाला. हल्ल्यात जखमी होणाऱ्या कामगाराला मालकाने भरपाई द्यायची आणि त्यासाठी सरकारी योजनेत विमा उतरवायचा. हा कायदा कारखाने, खाणी, बंदरं यांतल्या कामगारांसाठी होता, फॉलोअरांसाठी नव्हे. पण त्यामागचं तत्त्व मोठं आहे. युद्धाची झळ सोसणाऱ्या बिनहत्यारी माणसाला कौतुक नको, कायद्याने मिळणारा हक्क हवा.

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व किती पाळलं? 1960 मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. तिच्या 'ग्रेफ' दलातल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती नागरी नियमांच्या, शिस्तीला मात्र लष्करी कायदा. त्यांनी संघटना बांधायचा हक्क मागितला, तेव्हा 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रेफ हा सशस्त्र दलांचाच भाग ठरवला आणि संविधानाच्या अनुच्छेद 33 खाली त्या हक्कावरचे निर्बंध कायम ठेवले. त्यांच्याही खाली रोजंदारी मजूर आहेत. त्यात झारखंडचे आदिवासी लडाखमध्ये रस्ते बांधायला जातात.

लांब कशाला, आपल्या विदर्भातलंच बघा. 1 मे 2019 ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक ठार झाला. बिनहत्यारी माणूस तिथेही होता.

म्हणून मागणी साधी आहे. धोक्याच्या भागात ज्याला सरकार पाठवतं, तो कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारीवर, त्याला धोकाभत्ता, विमा, उपचार आणि घरच्यांना पेन्शन मिळालीच पाहिजे. स्मारकावर त्याचं नावही कोरलं पाहिजे. कोरेगावच्या स्तंभावर नावं कोरलेली आहेत, म्हणून तर आपला इतिहास कुणाला पुसता आला नाही. ज्यांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, त्यांच्या बाजूने बोलणं हे आपलंच काम आहे.

जय भीम!