‘नॉर्मल’ कोण आणि ‘अ‍ॅव्हरेज’ कोण?

इंग्रजी-मराठी कोश उघडा आणि ‘टिपिकल’, ‘नॉर्मल’, ‘अ‍ॅव्हरेज’, ‘ऑर्डिनरी’ हे चार शब्द काढून पाहा. ‘नेहमीचा’, ‘सामान्य’, ‘सर्वसाधारण’, ‘सरासरी’ या चार मराठी शब्दांचीच त्यांच्यात आलटून पालटून वाटणी केलेली दिसेल. कोशकारांना दोष देण्यात अर्थ नाही. खुद्द इंग्रज माणूसही बोलताना एकाच्या जागी दुसरा शब्द सर्रास वापरतो. पण हे शब्द एका घरचे नव्हेत. कोणी ठशातून निघाला, कोणी सुताराच्या पेटीतून, तर कोणी गलबतावरून उतरला. आणि एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले की घोटाळा नुसता भाषेत राहत नाही. त्याची झळ माणसाला लागते.

आधी ‘टिपिकल’ घेऊ. ग्रीक भाषेत ‘टुपोस’ म्हणजे घाव, आणि घावाने उमटलेला ठसा. छापखान्यात ज्यांना खिळे म्हणत ते ‘टाइप’ याच मुळाचे. एका ठशातून निघालेल्या शंभर प्रतींतली कोणतीही एक उचला; तिच्यावरून बाकीच्या नव्व्याण्णव कळतात. ती प्रत ‘टिपिकल’. ‘कॅरॅक्टरिस्टिक’ हा शब्दही छापेतूनच आला. ग्रीकांचा ‘खाराक्तेर’ म्हणजे छाप कोरण्याचे हत्यार, आणि मग ती छापही. अथेन्सच्या नाण्यावर घुबड असे. घुबड दिसले की नाणे दुसऱ्या शहराचे नाही, हे व्यापाऱ्याला कळे. म्हणजे पाहा, एक शब्द आपल्या भावंडांशी असलेले साम्य दाखवतो, दुसरा परक्यांपासूनचा वेगळेपणा. उन्हाळ्यात भेगाळणे हे काळ्या जमिनीचे ‘कॅरॅक्टरिस्टिक’ लक्षण. आणि ज्या रानात काळ्या जमिनीची सगळी लक्षणे एकत्र सापडतात, ते ‘टिपिकल’ काळे रान.

‘ऑर्डिनरी’ म्हणजे रांगेतला, क्रमातला. त्याच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि तो शब्दही तशी अपेक्षा करीत नाही.

‘नॉर्मल’ची गोष्ट मात्र निराळी. लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. चौकट काटकोनात बसली की नाही, हे ज्याने तपासतात तो. म्हणून इंग्रजीत ‘नॉर्मल’चा जुना अर्थ ‘काटकोनातला’ असा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आरशावर जी स्तंभिका काढतात तिला इंग्रजीत ‘नॉर्मल’च म्हणतात, हे शिक्षकमंडळींना ठाऊक आहे. गुण्या ही गोष्ट वस्तू कशी आहे ते सांगत नाही. ती कशी असायला हवी ते सांगते. गावातल्या साऱ्या चौकटी तिरक्या निघाल्या तरी गुण्या आपला कोन बदलत नाही.

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९४ साली शिक्षक तयार करण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ काढण्याचे ठरले, ते याच अर्थाने. जिथे शिकवण्याचा नियम, वळण घालून दिले जाते ती शाळा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेक्झिंग्टनला १८३९ मध्ये तशी ‘नॉर्मल स्कूल’ निघाली, आणि हे नाव आपल्याकडच्या शिक्षकांच्या शाळांनाही लागले. इलिनॉय राज्यात तर अशा एका विद्यालयावरून आख्ख्या गावाचेच नाव ‘नॉर्मल’ पडले. त्या गावचा मनुष्य स्वतःची ओळख कशी करून देत असेल, देव जाणे!

पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शब्दाला फाटा फुटला. फ्रेंच वैद्य शरीराच्या निरोगी अवस्थेला ‘नॉर्मल’ म्हणू लागले आणि तिच्याविरुद्ध रोगट अवस्था मांडू लागले. तिथून तो सगळ्या व्यवहारात शिरला. आता त्याचे दोन अर्थ झाले: जसे असावे तसे, आणि जसे बहुधा असते तसे. एकाच कुडत्यात दोन माणसे! पुढचा सारा घोळ इथून सुरू होतो.

तिकडे ‘अ‍ॅव्हरेज’ समुद्रावर होता. अरबी भाषेत ‘अवार’ म्हणजे खराबी, नासलेला माल. इटालियन व्यापाऱ्यांनी त्याचे ‘आवारिया’ केले, आणि तिथून तो इंग्रजीत आला. वादळात गलबत हलके करण्यासाठी कोणाच्या तरी गाठी समुद्रात फेकाव्या लागत. गलबत वाचले, बाकीच्यांचा माल वाचला. मग ज्याचा बुडाला त्यानेच एकट्याने का बुडावे? म्हणून ती तूट सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात सोसायची. ही चाल आजही मोडलेली नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. ते सुटल्यावर जहाजमालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले, म्हणजे खर्चात माल पाठवणाऱ्यांचाही वाटा आला. या वाटणीच्या हिशोबावरूनच अठराव्या शतकात ‘सरासरी’ हा गणिती अर्थ रूढ झाला. मूळ व्यवहार मोठा न्यायाचा होता. शिवाय, सरासरी आकडा म्हणजे खरोखरचा कोणी व्यापारी, असे त्या हिशोबनिसाच्या स्वप्नातही आले नसेल.

ते आले बेल्जियमच्या अदोल्फ केतले यांच्या मनात. हे गृहस्थ ज्योतिर्विद. एका ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले तर आकडे थोडेथोडे चुकतात, आणि त्यांच्या सरासरीला सत्याच्या जवळचे मानतात, ही वेधशाळेतली रीत त्यांच्या हाताला बसलेली. १८३५ साली त्यांनी माणसांवर ग्रंथ लिहिला आणि ‘सरासरी माणूस’ मांडला. पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घेऊन त्यांनी दाखवले की ती मध्याभोवती अशी पसरलेली आहेत, जणू एकाच पुतळ्याच्या हजारो चुकलेल्या नकला. इथेच गफलत झाली. तारा एकच असतो, म्हणून त्याच्या मोजणीत चूक होऊ शकते. सैनिक मात्र ५,७३८ होते. त्यांच्यापैकी कोणीही कोणाची चुकलेली नक्कल नव्हता. पण बुडालेल्या मालाच्या हिशोबातली सरासरी या दिवसापासून सुताराच्या गुण्याच्या जागी जाऊन बसली. सरासरी तेच योग्य, आणि त्यापासून दूर ते वाकडे! पन्नास वर्षांनी इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन यांनी उलट टोक गाठले. त्यांना मध्य म्हणजे सुमारपणा वाटू लागला. ‘अ‍ॅव्हरेज विद्यार्थी’ म्हणताना आपल्या ओठांवर जी किंचित तुच्छता येते, ती त्याच वळणाची.

याची परीक्षा अमेरिकन हवाई दलात झाली. विमानचालकांची बैठक सरासरी मापांवर बांधलेली होती, आणि अपघात थांबत नव्हते. १९५० च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची दहा मापे तपासली. मधल्या तीस टक्क्यांत बसला तरी ‘सरासरी’ मानायचा, इतकी त्याने सवलत दिली. दहाही मापांत बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. जी बैठक सर्वांसाठी केली होती, ती कोणाचीच नव्हती. पुढे बैठका मागेपुढे सरकवता येतील अशा करण्यात आल्या.

शेतकरी बंधूंचा या शब्दांशी संबंध दरवर्षी येतो. हवामान खाते पावसाळ्याचा अंदाज सांगते. जून ते सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असला की तो ‘नॉर्मल’. ही सरासरी १९७१ ते २०२० या वर्षांच्या नोंदींवरून ८७ सेंटिमीटर धरलेली आहे. खात्याची व्याख्या चोख आहे. पण ऐकणारा ‘नॉर्मल’ म्हटल्याबरोबर ‘हवा तसा, आपल्या रानापुरता’ असे ऐकतो, आणि त्यावर बियाण्याचे पैसे घालतो. एका सातारा जिल्ह्यातच पाहा ना. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांवर पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोहोंची सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या कामाची, ना माणच्या बाजरीच्या. ‘नॉर्मल’ हा शब्द रेडिओवर ऐकला की कुठला, किती महिन्यांचा आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न विचारावेत.

शाळेतही तेच. वर्गाच्या सरासरीहून कमी गुण मिळाले एवढ्यावरून मूल ‘नॉर्मल’ नाही असे ठरत नाही. कोणत्याही वर्गात सगळ्यांचे गुण अगदी सारखे नसले, तर काही मुले सरासरीच्या खाली असणारच. तो भागाकाराचा गुण आहे, मुलाचा दोष नव्हे.

राहिला ‘स्टिरिओटाइप’. हाही छापखान्यातला. खिळे जुळवून झालेल्या पानाचा साचा घ्यायचा आणि त्यातून शिशाची अखंड पाटी ओतायची. मग हव्या तितक्या प्रती काढा. फक्त एक अक्षरही बदलता येत नाही. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली हा शब्द माणसांच्या मनातल्या ठरीव चित्रांना लावला. ‘टिपिकल’ माणूस ठरवायला आधी शंभर माणसे पाहावी लागतात; ‘स्टिरिओटाइप’ला एकही पाहावा लागत नाही. आपल्या तमाशाप्रधान चित्रपटांतला मिशाळ, फेटेवाला, हुकूम सोडणारा पाटील हा ‘टिपिकल पाटील’ म्हणून ओळखला जातो. ज्या गावकऱ्यांनी आपल्या गावची भांडणे मिटवणारा खराखुरा पाटील पाहिला आहे, त्यांनीच सांगावे, दोहोंपैकी ठशातला कोणता आणि ओतीव पाटीवरचा कोणता.